मार्कंडा, रामप्पा आणि माया : शैली प्रवास कशी करते?

'मी आलापल्लीची' असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "तिकडे जंगलाशिवाय आहे काय?" सागवान आहेच. पण आमच्या उत्तरेला आणि दक्षिणेला दोन दगडी उत्तरंही आहेत. सिव्हिलवाल्यांनी तरी ती जरूर बघावीत.

उत्तरेला चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठावर मार्कंडा. इथली मंदिरं साधारण नवव्या ते बाराव्या शतकातली. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यात इथे आला आणि त्याला खजुराहोची आठवण झाली. मुख्य मंदिराच्या भिंतींवर मूर्तींचे एकावर एक आडवे पट्टे आहेत, अगदी खजुराहोसारखे. दक्षिणेला गोदावरी ओलांडली की तेलंगणात पालमपेटचं रामप्पा मंदिर. काकतीय राजा गणपतिदेवाचा सेनापती रेचर्ल रुद्र याने ते १२१३ मध्ये उभारलं. तिथे तारकाकृती जोतं, काळ्या दगडाच्या सुंदर मूर्ती आणि शिखरात पाण्यावर तरंगणाऱ्या हलक्या विटा! २०२१ मध्ये ते युनेस्कोच्या यादीत गेलं. म्हणजे उत्तरेची शैली आणि दक्षिणेची शैली आमच्या जंगलाच्या दोन टोकांना येऊन थांबल्या आहेत.

आता थोडं लांब जाऊ, मेक्सिकोत. युकातान भागात साधारण त्याच सुमारास माया लोकांची 'पूक' शैली बहरली. भिंतीच्या आत चुना-खडीचा गाभा, बाहेरून घडीव दगडांची नक्षी. उश्माल हे तिचं प्रसिद्ध शहर. याच शैलीच्या खुणा पुढे चिचेन इत्सातही दिसतात.

गंमत म्हणजे माया इमारतींचं छत आणि आपल्या मंडपाचं छत यांचं तत्त्व एकच : कॉर्बेलिंग. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा पुढे काढायचा, मागचा भाग वजनाने दाबून ठेवायचा, शेवटी फट झाकायची. दगड दाब छान सोसतो, पण वाकवलं की तडकतो. म्हणून स्पॅन कमी ठेवावा लागतो. यावरून लगेच काही लोक 'माया म्हणजे आपला मयासुर' असं ठोकून देतात! नावाच्या साम्यापलीकडे त्याला आधार नाही.

मग प्रवास ओळखायचा कसा? माझ्या मते कसोटी साधी आहे. जी गोष्ट दगडाच्या गुणधर्मामुळे करावीच लागते, ती दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचू शकते. पण जी न करताही इमारत उभी राहिली असती, तीच नेमकी दोन ठिकाणी सारखी दिसली, तर मधून कुणीतरी चालत गेलेलं असतं : कारागीर, राजा किंवा ग्रंथ. कॉर्बेलिंग पहिल्या प्रकारात, मार्कंड्याचे मूर्तिपट्ट दुसऱ्या प्रकारात. ते पट्टे छत पेलत नाहीत, ते ओळख पेलतात.

म्हणूनच आमचा भाग कोपऱ्यातला वाटत असला, तरी त्या काळी तो रस्त्यावरचा होता. महाशिवरात्रीच्या जत्रेला मार्कंड्याला जाल तेव्हा दर्शनानंतर एकदा मान वर करून छताचे थर मोजा.