ठिपक्यांचा भुंगा : मित्र की शत्रू?

आजीचे घर गावाच्या कडेला आहे. घरामागे लहानशी परसबाग आहे. कुंपणावर वालाचा वेल चढवला आहे. शेजारच्या वाफ्यात वांगी आहेत. घरच्या सांडपाण्यावर ही बाग पोसते. घरापुरती भाजी निघते. उरलेल्या शेंगा आणि वांगी आजी आठवड्याच्या बाजाराला नेते. त्यावर तिचे मीठमिरची भागते.

मागच्या हिवाळ्यात मात्र आजीची पाटी रिकामी राहिली. वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा पडला. मावा ही रस शोषणारी बारीक कीड. शेंडे चिकट झाले, फुले गळून गेली. तिकडे वांग्याची पानेही चाळणीसारखी झाली. आजीने पुष्कळ धडपड केली. पण दोन्हीकडून हाती काही लागले नाही.

यंदा थंडी पडली आणि मावा पुन्हा दिसू लागला. त्याच सुमारास आजीची नात सुट्टीला आली. ती तालुक्याला शेतीचे शिक्षण घेते.

सकाळी दोघी वेलापाशी गेल्या. एका शेंड्यावर काळसर, काटेरी अळी फिरत होती. अंगावर नारिंगी ठिपके होते. आजीने तिला चिरडायला हात पुढे केला.

"आजी, थांब! मारू नकोस."

"का गं? मागच्या साली अशा शंभर मारल्या मी. बघवत न्हाई ती. सुसरीचं पिल्लूच जणू!"

"आधी फोटो काढू. मग ठरवू."

नातीने मोबाइलवर फोटो काढला. बोटांनी तो मोठा केला आणि आजीपुढे धरला. आजीने चष्मा लावला. अळीच्या तोंडात मावा होता.

"अगं बाई! ही तर मावा खातीय!"

"होय आजी. ही वेलाचं पान खात नाही. ही ढालकिड्याची अळी. हिचाच पुढं लाल ठिपक्यांचा भुंगा होतो. अळीही मावा खाते, भुंगाही मावा खातो. एक अळी जन्मात शेकडो मावा फस्त करते."

आजी मटकन खाली बसली. "म्हंजे राखणदारच मारले म्हण की मी! माझ्याच हातानं!"

थोड्या वेळाने आजी म्हणाली, "पण पोरी, वांग्यावरही लाल ठिपक्यांचे भुंगे हायेत. देखणे दिसतात म्हणून मी त्यांना हात लावला न्हाई. ते पण राखणदारच का?"

"चल, त्यांचाही फोटो काढू."

दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. तेव्हा फरक ध्यानात आला.

वालावरचा ढालकिडा चकचकीत होता. तेल लावल्यासारखा. त्याच्या पाठीवर मोजके ठिपके होते. ढालकिड्याच्या अनेक जाती आहेत. कोणाला सहा ठिपके असतात, कोणाला सात. कोणाच्या पाठीवर नागमोडी रेघा असतात.

वांग्यावरचा भुंगा तांबूस होता, पण त्याला चमक नव्हती. अंगावर बारीक लव होती. ठिपके पुष्कळ होते. या भुंग्याच्या एका जातीला २८ ठिपके असतात, दुसरीला १२. त्याची अळी पिवळी असते आणि तिच्या अंगावर फांद्या फुटल्यासारखे काटे असतात. हा भुंगा आणि त्याची अळी, दोघेही पानाचा हिरवा भाग खरवडून खातात. शिरा तेवढ्या उरतात. म्हणून पानाची जाळी होते. शास्त्रज्ञ याला एपिलॅक्ना म्हणतात.

दोघांचीही अंडी पिवळी असतात आणि पुंजक्याने असतात. म्हणून नुसती अंडी पाहून निवाडा करू नये. जवळ मावा आहे की पानाची जाळी झाली आहे, ते पाहावे.

म्हणजे आजीने मागच्या वर्षी मित्राला मारले आणि शत्रूला पोसले. दोष आजीच्या कष्टाचा नव्हता. ओळख चुकली होती.

फोटो कसा काढावा?

किडा लहान असतो आणि सारखा हलतो. डोळ्याला नीट दिसत नाही. फोटो मोठा करून सावकाश पाहता येतो, जाणत्याला दाखवता येतो. म्हणून या गोष्टी ध्यानात ठेवा.

१. सकाळी लवकर जा. गारव्यात किडे सुस्त असतात, लवकर उडत नाहीत.

२. मोबाइलची काच मऊ, स्वच्छ कापडाने पुसा. हाताला माती असेल तर आधी हात धुवा.

३. आपली सावली किड्यावर पडू देऊ नका.

४. मोबाइल अगदी जवळ नेऊ नका, चित्र अंधुक येते. वीतभर अंतरावर धरा. पडद्यावर जिथे किडा दिसतो तिथे बोट टेकवा, म्हणजे तो स्पष्ट होतो.

५. वारा असेल तर एका हाताने देठ धरा. कोपर गुडघ्यावर टेकवा, म्हणजे हात हलत नाही.

६. एकच फोटो पुरत नाही. वरून एक, बाजूने एक काढा. खाल्लेल्या पानाचा एक काढा. पान उलटून खालची बाजूही पाहा. अंडी बहुधा तिथेच असतात.

७. एका फोटोत किड्याशेजारी नाणे धरा. त्यावरून किड्याचा आकार कळतो.

फोटो काढला की वहीत लिहून ठेवावे. तारीख, जागा, पीक आणि किडा काय करत होता, एवढे पुरे. आजीला आता लिहिता येते. तिने वहीत लिहिले : "वालाचा वेल. काळी अळी. मावा खात होती. मारायची नाही."

नाव कळले नाही तर फोटो आणि वही घेऊन सहायक कृषी अधिकाऱ्याकडे किंवा कृषी विज्ञान केंद्रात जावे. फोटो पाहून किड्याचे नाव सुचवणारी साधने आता मोबाइलवरही मिळतात. पीक राखण्यासाठी अशी सोय केंद्र सरकारनेही २०२४ साली सुरू केली. पण यंत्रही चुकते. फोटो अंधुक असेल तर हमखास चुकते. म्हणून औषध फवारण्याआधी जाणत्या माणसाला विचारावे. फवारा मित्र-शत्रू पाहत नाही. मावा पुन्हा लवकर वाढतो, मित्र मात्र उशिरा परततात.

ढालकिड्याची ताकद जगाने पूर्वीच पाहिली आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचा प्रांत आहे. तिथे संत्र्या-लिंबांच्या बागा एका पांढऱ्या किडीने वाळत चालल्या होत्या. ती कीड ऑस्ट्रेलियातून आली होती. १८८८ साली एक माणूस ऑस्ट्रेलियात पाठवला गेला. त्या किडीला तिथे कोण खाते, ते त्याने शोधले. तो एक लहानसा ढालकिडा निघाला. तो आणून बागांत सोडला. दोन वर्षांच्या आत कीड आटोक्यात आली, बागा वाचल्या. इथेही आधी ओळख पटली, मग उपाय सापडला.

आजीने काय केले? वालावरचे ढालकिडे आणि त्यांच्या अळ्या तशाच राहू दिल्या. जिथे मावा दाट होता तिथे पाण्याचा जोराचा फवारा मारून तो खाली पाडला. वांग्यावरचे भुंगे मात्र रोज सकाळी वेचले आणि साबणाच्या पाण्यात टाकले. अंडी असलेली पाने खुडून नष्ट केली.

पुढच्या महिन्यात आजी बाजाराला निघाली. पाटीत वालाच्या शेंगा होत्या, वर थोडी वांगी होती. शेजारीण म्हणाली, "काकू, माझ्या वेलावर बी काळ्या अळ्या झाल्यात. मारू का?"

आजी थांबली. पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "आधी बघू तरी, कोण हाय ती!"

सांगा पाहू :

१. आजीने मागच्या वर्षी कोणती चूक केली?
२. ढालकिडा आणि वांग्यावरचा भुंगा कसे ओळखाल?
३. नुसती अंडी पाहून निवाडा का करू नये?
४. तुमच्या बागेतला एक किडा नीट पाहा. तो काय खातो, ते वहीत चार ओळींत लिहा.