कीडग्रस्त साल ओंडके चिरण्यासाठी चेनसॉची निवड

जबलपूरपासून जवळच्या मंडला-दिंडोरी भागातील सालवनांत १९९७-९८ च्या सुमारास साल खोडकिड्याचा मोठा उद्रेक झाला. या किडीचे भुंगेरे पहिल्या पावसासोबत खोडातून बाहेर पडतात. म्हणून कीडग्रस्त ओंडके वनविभागाच्या परवानगीने पावसाळ्यापूर्वीच चिरावेत.

सालाचे लाकूड कठीण असते. लांबीच्या दिशेने फळ्या पाडताना इंजिनावर सतत भार येतो. छाटणीचा लहान चेनसॉ तेथे तापतो. निवडीचे निकष पुढीलप्रमाणे:

• इंजिन सुमारे ९० सीसी वा अधिक, भाराखालीही टॉर्क टिकविणारे.
• पाते ओंडक्याच्या व्यासापेक्षा लांब.
• साखळीच्या दातांचा कोन सुमारे १० अंश. आडव्या कापणीत तो ३० अंशांच्या आसपास असतो.

पोखरलेले तुकडे सुरक्षित जागी जाळावेत. त्यांत कोष व भुंगेरे दडून राहतात.