सिस्टर मागे उभ्या राहिल्या की हात थरथरतो

प्रश्न : बुलढाण्यात जीएनएम नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. सिस्टर मागे उभ्या राहिल्या की इंजेक्शन भरताना हात थरथरतो. काय करू?

उत्तर : अगं, पहिल्या वर्षी बहुतेकींचा थरथरतो. अमेरिकी डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२९च्या पुस्तकात मांडलेली पद्धत रात्री होस्टेलच्या कॉटवर करून बघ. मूठ ५-७ सेकंद आवळ, एकदम सोड, आणि हात सैल पडतो तो २० सेकंद नुसता अनुभव. मग दंड, खांदे, जबडा, पोटऱ्या. रोज कर, दोन दिवसांत गुण येत नाही. वॉर्डात ट्रे उचलण्याआधी ४ मोजत श्वास घे, ६ मोजत सोड. डोळे मात्र उघडे ठेव, नाहीतर सिस्टर ओरडतील! झोप-जेवणच उडालं असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लाव. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.