निष्ठा : अर्थ आणि आचार

'निष्ठा' हा शब्द सार्वजनिक जीवनात वारंवार कानी पडतो. शपथविधीत तो उच्चारला जातो, निरोप समारंभात त्याचा गौरव होतो आणि निवडणुकीच्या काळात तो पारखला जातो. अतिपरिचयाने शब्दाचा अर्थ धूसर होतो. म्हणून त्याच्या मुळाशी जाणे उचित ठरेल.

'नि' हा उपसर्ग व 'स्था' म्हणजे उभे राहणे हा धातू यांपासून निष्ठा हा शब्द सिद्ध झाला. दृढपणे स्थिर राहणे हा त्याचा मूळ अर्थ. अमरकोशात निष्पत्ती, म्हणजेच पूर्तता, हाही अर्थ दिला आहे. पाणिनीने तर 'कृत', 'गत' यांसारखी झालेल्या क्रियेची रूपे सिद्ध करणाऱ्या प्रत्ययांनाच 'निष्ठा' ही संज्ञा दिली. दोन्ही अर्थ एकत्र घेता, हाती घेतलेले कार्य तडीस जाईपर्यंत त्यापाशी स्थिर राहणे म्हणजे निष्ठा होय. श्रद्धा अंतःकरणात वसते. निष्ठा आचरणात दिसते. मंत्र्यांच्या व लोकप्रतिनिधींच्या शपथेत संविधानाविषयी हे दोन्ही शब्द शेजारी येतात, ते उगाच नव्हे.

कर्तव्यनिष्ठ, ध्येयनिष्ठ, व्यक्तिनिष्ठ अशा सामासिक शब्दांतील पहिले पद निष्ठेचा विषय सांगते. नुसता 'निष्ठावंत' हा शब्द मात्र तो सांगत नाही. राजकीय व्यवहारात त्या रिकाम्या जागी बहुधा व्यक्ती किंवा पक्ष येऊन बसतो आणि कार्य मागे पडते.

कार्यावरील निष्ठेचे उदाहरण कळंबच्या शेजारीच, धाराशिव तालुक्यातील तेर येथे आढळते. प्राचीन काळी 'तगर' नावाने ख्यात असलेल्या या व्यापारी नगराचे अवशेष गावाच्या मातीत विखुरलेले होते. मणी, नाणी, भाजक्या मातीच्या मूर्ती अशा वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी चिकाटीने जमवून जतन केल्या. राज्य शासनाचे तेर येथील वस्तुसंग्रहालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. एका गावकऱ्याची निष्ठा अशा रीतीने सार्वजनिक ठेवा झाली.

कळंबसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात या अर्थाचे मोल विशेष आहे. ग्रामसभेने पाण्याचा ठराव संमत केला, एवढ्याने निष्ठा सिद्ध होत नाही; अखेरच्या वस्तीवरील नळाला पाणी आले म्हणजे ती सिद्ध होते. पटावरील प्रत्येक मूल वाचू लागेपर्यंत शिक्षकाचे आणि अर्जदाराला उत्तर मिळेपर्यंत कर्मचाऱ्याचे काम 'कृत' झालेले नसते. पदाधिकारी बदलतात, अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात. कामाशी बांधलेली निष्ठा मात्र नव्या हातांतही पुढे चालू शकते.