माशीचे छायाचित्र आणि नोंदवहीतील नाव

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकासारख्या वर्दळीच्या ठिकाणीही रस्त्याकडेच्या फुलझाडांवर नाना प्रकारचे कीटक येत असतात. त्यांपैकी मधमाशी म्हणून सर्रास गणला जाणारा एक कीटक वस्तुतः मधमाशी नसून माशी असते. शास्त्रज्ञ तिच्या कुलाला बॉम्बिलिइडी म्हणतात. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात. या माशीला एकच जोडी असते. ती फुलासमोर हवेत स्थिर राहते आणि बसली असता पंख पाठीवर न मिटता दोन्ही बाजूंना पसरून ठेवते. तिला नांगी नसते.

जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ४१ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे समितीचे प्रमुख कार्य होय. या कामात शाळांतील शिक्षक व विद्यार्थी यांनी मोबाइलवर घेतलेली छायाचित्रे फार उपयोगी पडू शकतात. तथापि, छायाचित्र एखाद्या पुस्तकातील चित्राशी जुळले म्हणून त्याखालचे नाव नोंदवहीत उतरवून घेणे धोक्याचे आहे.

धोका कसा, ते एका जोडीवरून स्पष्ट होईल. बॉम्बिलियस आणि सिस्टीकस हे दोन्ही वंश भारतात आढळतात. दोहोंच्या अंगावर दाट लव आणि पुढे लांब, सरळ सोंड असते. नुसत्या नजरेने त्या वेगळ्या ओळखणे कठीण. परंतु बॉम्बिलियसच्या अळ्या जमिनीत घरटे करणाऱ्या एकाकी मधमाश्यांच्या पिलांवर वाढतात, तर सिस्टीकसच्या अळ्या नाकतोडे व टोळ यांची जमिनीतील अंडी खातात. पहिली परागीभवन करणाऱ्या मधमाश्यांवर जगते, दुसरी शेतकऱ्याचे काम हलके करते. नाव चुकले की निष्कर्षही उलटा होतो.

मग फरक कोठे पाहावा? पंखाच्या शिरांत. पंखाच्या बुडाशी शेजारी-शेजारी दोन लांबट कोष्ठ असतात. सिस्टीकसमध्ये ते जवळजवळ सारख्या लांबीचे, तर बॉम्बिलियसमध्ये पहिला दुसऱ्यापेक्षा लांब असतो. काळपट नक्षीच्या पंखांच्या माश्यांत टोकाकडील, पुढच्या कडेलगतचे उपसीमांत कोष्ठ मोजावेत : एक्सोप्रोसोपात सामान्यतः तीन, लिगिरात चार, व्हिलात दोन. अँथ्रॅक्समध्येही बहुधा दोनच असतात. पण तिच्या शृंगिकेच्या टोकावर केसांचा बारीक झुबका असतो. तो दिसला नाही तर अंदाज बांधू नये. अंगाच्या रंगावर तर मुळीच भिस्त ठेवू नये. लव व खवले झिजून जातात आणि एकाच जातीची जुनी व नवी माशी निरनिराळी दिसते.

म्हणून एकाच माशीची किमान तीन छायाचित्रे घ्यावीत : वरून, पसरलेले पंख संपूर्ण येतील असे; बाजूने, सोंड व डोके दिसेल असे; आणि समोरून, शृंगिकांचे. माशी फिकट दगडावर किंवा वाळूवर बसलेली असेल तर शिरा अधिक स्पष्ट उमटतात. दिनांक, वेळ, फुलाचे नाव आणि नेमके स्थळ लिहावे. नुसते शहराचे नाव पुरेसे नाही, 'क्रांती चौक' असे हवे. मादी पोटाचे टोक मातीत दाबताना दिसली तर तेही लिहावे. अनेक वंशांतील माद्या पोटाच्या टोकाशी असलेल्या पोकळीत वाळूचे कण भरून घेतात व अंड्यांना त्यांचा लेप देतात.

इतके करूनही पुष्कळदा छायाचित्र वंशापर्यंतच पोहोचवते. अनेक जातींची निश्चिती नराचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय होत नाही. अशा वेळी 'एक्सोप्रोसोपा, जात अनिश्चित' अशी नोंद करण्यात कोणताही कमीपणा नाही. उलट तीच नोंद पुढील अभ्यासकाच्या उपयोगी पडते.

भारतातील या माश्यांवरील जुना आधारग्रंथ म्हणजे 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेतील एन्रिको ब्रुनेटी यांचा १९२० चा खंड. तो आजही उपयुक्त आहे. मात्र त्यात हायपरअलोनिया या वंशाखाली आलेल्या जाती आता लिगिरात गणल्या जातात. तेव्हा त्यातील नाव घेताना आजचे मान्य नाव तपासावे आणि नोंदवहीत दोन्ही नावे लिहावीत.