प्रतिध्वनीने कोकराची पारख

ज्या मेंढ्याची संतती उत्तम मांस देईल, त्याचीच पैदाशीसाठी निवड करावी, हे कोणाही मेंढपाळास ठाऊक असते. अडचण असते ती पारखीची. कातडीखालील चरबीचा थर किती जाड आहे आणि त्याखालचा स्नायू किती भरलेला आहे, हे निश्चितपणे कळण्यासाठी पूर्वी जनावर कापून त्याचे धड तपासावे लागे. आणि कापलेला मेंढा पैदाशीस उरत नाही. म्हणून त्याची भावंडे किंवा पिल्ले कापून, त्यांच्यावरून त्याच्याविषयी अनुमान करीत. यात वर्षे जात आणि खर्चही फार होई. पाठीवर हात फिरवून अंदाज करण्याची रीत जुनी असून आजही उपयोगाची आहे. परंतु हाताला मिलिमीटर मोजता येत नाहीत.

ही अडचण प्रतिध्वनीने बऱ्याच अंशी दूर केली आहे. खोल विहिरीत हाक मारली असता ती पाण्यावर आदळून परत येते. हाक आणि प्रतिध्वनी यांमधील काळ मोजला व ध्वनीचा वेग ठाऊक असला, तर पाणी किती खोलीवर आहे हे गणिताने काढता येते. कोकराच्या शरीरात नेमके हेच केले जाते. मात्र येथे साधा ध्वनी उपयोगी पडत नाही. मनुष्यास सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. शरीराच्या मऊ भागात अशा ध्वनीची एक लहर सुमारे पावणेआठ सेंटिमीटर लांब असते. तिच्याने काही मिलिमीटरांचा थर कसा ओळखला जाणार? म्हणून सेकंदाला सुमारे ३५ लाख कंपने असलेला श्रवणातीत ध्वनी वापरतात. त्याची लहर अर्ध्या मिलिमीटरहूनही आखूड असते.

विजेचा दाब दिला असता कंप पावणारे आणि उलट, कंपनाचा आघात होताच वीज निर्माण करणारे पदार्थ हे या यंत्राचे हृदय होय. काही स्फटिकांवर दाब दिल्यास त्यांत वीज उत्पन्न होते, हे पिएर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाखवून दिले होते. अशा पदार्थाने सोडलेला ध्वनी मऊ भागातून सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. कातडी व चरबी, चरबी व स्नायू यांच्या सीमांवर त्याचा काही अंश परत फिरतो. तीन सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी येण्यास सेकंदाच्या दहालक्षांश भागांपैकी केवळ ३९ भाग लागतात. या काळावरून यंत्र पडद्यावर थरांचे चित्र उमटविते.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे जेम्स स्टाउफर यांनी १९५० नंतरच्या दशकात गुरे व डुकरे यांच्यावर या पद्धतीचे प्रयोग केले. पुढे ती मेंढ्यांसही लागू झाली. ऑस्ट्रेलियात १२ व्या व १३ व्या बरगड्यांच्या दरम्यान, कण्याच्या मध्यरेषेपासून ४५ मिलिमीटर अंतरावर, चरबीची जाडी व पाठीच्या लांब स्नायूची खोली मोजतात. ब्रिटनमध्ये कोकरू सुमारे २१ आठवड्यांचे झाले म्हणजे असे मापन करतात.

मापन सोपे दिसले, तरी त्यास सराव लागतो. लोकरीत अडकलेली हवा जवळजवळ सर्व ध्वनी परतवून लावते. म्हणून लोकर बाजूस सारून अथवा कातरून तेथे तेल लावतात. यंत्राचा भाग जोराने दाबल्यास चरबी चेपली जाते. कोकराची चरबी मुळातच पातळ असते. तीन मिलिमीटरांच्या थरात एका मिलिमीटरची चूक झाली, तर माप एक तृतीयांशाने चुकले असे समजावे.

शिवाय, नुसत्या मापावरून निवड करणे योग्य नव्हे. वजनदार कोकराची चरबी साहजिकच अधिक असते. जुळे कोकरू एकट्या कोकरापेक्षा बहुधा लहान असते. म्हणून वय, वजन व जन्माची परिस्थिती यांचा हिशेब करून आणि नात्यातील जनावरांची मापे जमेस धरून, मेंढ्याकडून संततीस काय मिळेल याचा अंदाज बांधतात. मांसाचा मऊपणा व चव मात्र या दोन मापांनी समजत नाहीत. ब्रिटनमध्ये या चाचणीत सरस ठरलेल्या निवडक मेंढ्यांची क्ष-किरणांच्या साहाय्याने अधिक सूक्ष्म तपासणीही करतात.

एक सावधगिरी शेवटी सांगितली पाहिजे. चरबी कमी म्हणजे जनावर चांगले, असे मानून निवड करीत गेल्यास कळपाचे नुकसान होऊ शकते. चाऱ्याची टंचाई असताना किंवा पिल्लास पाजताना मेंढी याच साठ्यावर तग धरते. प्रतिध्वनी केवळ थराची जाडी सांगतो. ती किती असावी, हे मात्र कळप आणि त्याचे कुरण पाहून मेंढपाळानेच ठरवावयाचे असते.