खाणीच्या ढिगाऱ्यावर झाडं लावताना

नागपूर-भंडारा पट्ट्यात मँगनीजच्या खाणींशेजारी मुरूम-दगडाचे डोंगर उभे आहेत. अशा ढिगाऱ्यांसाठी रोपं तयार करणं हे माझं काम. त्यात वापरायच्या जिवाणू खतांबद्दल लोक दोन टोकांचं बोलतात. कुणी त्यांना जादू म्हणतं, कुणी थोतांड. मला जे दिसलं ते लिहितो.

१. आधी खाणं, मग पाहुणे. खोदकामात वरची माती गाडली जाते आणि खालचा दगड वर येतो. त्यात सेंद्रिय पदार्थ जवळजवळ नसतो, पाणी थांबत नाही, मे महिन्यात हात टेकवत नाही. तिथे नुसतं जिवाणूंचं पाकीट ओतलं तर ते उपाशी मरतात. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने सावनेर तालुक्यातल्या गुमगाव खाणीच्या ढिगाऱ्यावर झाडं उभी केली, तेव्हा रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर आणि मुळांशी राहणारी बुरशी यांच्या जोडीला साखर कारखान्याचं प्रेसमड वापरलं होतं. आपल्याकडच्या बहुतेक नकला फसतात त्या हा प्रेसमड-शेणखताचा खर्च वगळल्यामुळे. पाकीट स्वस्त असतं, ट्रॉलीभर खत महाग पडतं.

२. कोणाची सोयरीक कोणाशी, हे विचारून घ्या. सोयाबीनसाठी आणलेलं रायझोबियम शिरसाच्या रोपाला लावून उपयोग नाही. खैर, बाभूळ, शिरस, करंज, शिसव यांच्या मुळांवर नत्र बांधणाऱ्या गाठी येतात, पण त्यांच्या-त्यांच्या जिवाणूंमुळे. शेंग दिसली की गाठी असणारच, हेही खरं नाही. बहावा, चिंच, गुलमोहर आणि रस्तोरस्ती लावलेला काशीद यांना शेंगा येतात, गाठी येत नाहीत. उलट कोकण किनाऱ्यावरचा सुरू शेंगवर्गीय नाही, तरी फ्रँकिया नावाचे जिवाणू त्याच्या मुळांत राहून हवेतलं नत्र बांधतात. म्हणून तर तो नुसत्या वाळूत तग धरतो. साग-बांबूला गाठींचा प्रश्नच नाही. त्यांना अ‍ॅझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू द्यावेत. फायदा होतो, पण तो बेताचाच.

३. गाठ कापून बघा. एखादं रोप पिशवीतून काढा, मुळं पाण्यात अलगद धुवा आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्याच एका द्रव्याचा. आत पांढरट किंवा हिरवट दिसली तर ती गाठ फुकट जेवते आहे. प्रयोगशाळेच्या अहवालापेक्षा मजुरांना हे लवकर पटतं.

४. रोपवाटिकेत युरियाचा हात आखडता ठेवा. युरिया दिला की रोपं आठवड्यात हिरवीगार होतात, पाहणीला आलेले साहेब खूश होतात. पण आयतं नत्र मिळालं की रोप जिवाणूंना थारा देत नाही, गाठी धरत नाहीत. मग तेच रोप ढिगाऱ्यावर गेलं की पिवळं पडतं. स्फुरद मात्र द्यावं, गाठींना ते लागतं.

५. पाकिटावरची तारीख वाचा. लिग्नाइटच्या भुकटीतले हे जिवाणू जिवंत असतात आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात ठेवलेलं पाकीट म्हणजे नुसती काळी भुकटी उरते. सावलीत, गारव्याला ठेवा. गुळाच्या पाण्यातून बियांना चोळा, सावलीतच सुकवा, लगेच पेरा. बुरशीनाशकात कालवू नका.

६. जे करायचं ते पिशवीतच. लावणीनंतर खड्ड्यात टाकलेल्या जिवाणूंना मुळं सापडेपर्यंत ऊन गाठतं. पिशवी भरतानाच त्या-त्या जातीच्या जुन्या, निरोगी झाडाखालची मूठभर माती मिसळली, तर पैसा न मोडता स्थानिक जिवाणू आणि बुरशी दोन्ही मिळतात. माझा भरवसा पाकिटाहून या मुठीवर जास्त आहे.

७. शेळ्यांवर कुठलाच जिवाणू चालत नाही. राखण लागतेच.

८. जिवाणूंचा सगळ्यात मोठा साठा खाणीतच असतो, वरच्या मातीत. वरची माती वेगळी काढून ठेवणं आणि जमीन पूर्ववत करताना वापरणं २०१७ च्या खनिज संवर्धन व विकास नियमांनुसार बंधनकारक आहे. पण ती उंच ढीग करून वर्षानुवर्षं ठेवली की आत हवा पोचत नाही आणि जिवाणू घटत जातात. ढीग बुटका हवा, त्यावर गवत वाढलेलं हवं आणि माती जमेल तितक्या लवकर वापरली जायला हवी. खाणपट्ट्यातल्या ग्रामसभांनी वृक्षारोपणाच्या फोटोला उभं राहण्याआधी एवढंच विचारावं: आमच्या जमिनीची वरची माती कुठे ठेवली आहे, दाखवा.